नकटी सुरी

चांगल्या तयार झालेल्या सुरीचं टोक मी छिन्नीनं तोडून टाकलं, त्या दिवशी आमचे मामा, म्हणजे सासरे, माझ्या हातचं जेवले नाहीत. लोहाराच्या घरात सून येऊन काय करून राहिली, तर हत्याराचं नाक कापून राहिली! साऱ्या गल्लीत बोभाटा झाला. आता मला दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हणता, तर मी त्या नाक कापलेल्या सुरीचंच लिहिते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी हजारांनी केल्या, त्यांचं काय सांगू? त्या सगळ्या लोहारांनी केल्या. ही मात्र आमचीच.

तेव्हा आमच्या मुलखात निजामाचं राज्य होतं आणि ते शेवटाला आलं होतं, पण हे आम्हाला कुठं ठाऊक! माझं माहेर देवणीकडचं. तिकडं बोलण्यात अर्धं कानडी. माझा बाप बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचा, गाड्यांच्या चाकांवर धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, चढवायचा. लग्न होऊन मी नांदेडला आले, नदीकडच्या गल्लीत. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आमचे हे लातूरला एका जिनिंगच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते, सणावाराला यायचे. घरी मामा आणि मी. मामांची नजर कमी झालेली. लोखंड तापून कोणत्या रंगाला आलं हे ज्याला दिसत नाही त्यानं लोहारकी कशी करावी? मग मी भाता ओढता ओढता रंग सांगायची. "मामा, लाल झालं. मामा, आता केशरी." असं सांगता सांगता सांडशी माझ्या हातात कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. कळल्यावर दोन शिव्या दिल्या आणि घण उचलला. म्हणजे नेहमी बाई घण मारते आणि पुरुष आगीपुढं बसतो, आमच्यात ते उलटं झालं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पातं घडवणं निम्मं काम. ते तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. पाणी जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं, कमी झालं तर शिशासारखं वाकतं. आणि याच्याही आधी एक गोष्ट असते, ती गिऱ्हाइकाला विचारावी लागते. हे कुणाच्या हातात जाणार? लोहा गावाकडचा एक शेतकरी एकदा बायकोसाठी खुरपं न्यायला आला. तिनं पहिलं परत पाठवलं, दुसरं पाठवलं. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, बाईंनाच घेऊन या. बाई आल्या, खुरपं डाव्या हातात धरलं. नवऱ्याचा इतका संसार झाला आणि बायको डावखुरी आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं! मामा तर हसून हसून भात्यावर पडले.

अशा गिऱ्हाइकांत सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ठकूमाय.

ठकूमाय भोयांच्या आळीतली. नदीकाठचे भोई मासे धरायचे, माणसं पलीकडं उतरवायचे. पण पूर आला की त्यांचं आणखी एक काम असायचं. कुणी बोलवायची वाट न बघता त्यांची पट्टीची पोहणारी माणसं वाळलेल्या भोपळ्यांची सांगड काखेत मारून पाण्यात उतरायची आणि अडकलेल्यांना काढायची. सरकार पगार देत नव्हतं, कुणी मागतही नव्हतं. ठकूमायचे दोन्ही लेक त्यात. थोरला सांबा आदल्या पावसाळ्यात गेला. गोठ्यात बांधलेली गाय सोडवायला गेला होता. दावं भिजून गाठ आवळलेली. त्याच्यापाशी मिटायचा चाकू होता, तो दोन हातांनी उघडायला गेला नि चाकू पाण्यात पडला. गाय ओढ घेत गेली, दाव्याचा फास त्याच्या पायात बसला. दोघंही खाली गेली.

उन्हाळ्यात ही बाई आमच्या दुकानापुढं येऊन उभी राहिली. हातात ओल्या दाव्याचे तुकडे भरलेली बुट्टी. पाठीमागं धाकटा लेक नागोराव, मान खाली घालून.

"लोहार, मला सुरी पायजे," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी. ती मनासारखी होईस्तोवर ह्यो पाण्यात उतरणार न्हाई. नदीपुढं उभी राहून बोललेय मी."

"आन् मनासारखी न्हाईच झाली तर?" मामांनी विचारलं.

"तर ह्यो काठावर बसून जाळी विणंल."

नागोराव हळूच म्हणाला, "वहिनी, कायबी करा, पण लवकर करा. लोक बुडताना मी जाळी विणत बसलो तर जगून काय करू?"

बघा, असं ते माझ्या गळ्यात पडलं. एकीकडं आईचा उरलेला एक लेक, दुसरीकडं पुरात हाका मारणारी माणसं. मधी माझी सुरी. त्याच दिवशी मी मनाशी बोलले, हिच्या तोंडून हो आल्याशिवाय सोडायचं नाही.

ठकूमायनं काय काय पाहिजे ते सांगितलं. "येका हातानं निघावी, दुसऱ्या हातात सांगड असती. ओल्या मुठीतून निसटू नये. ओलं दावं झटक्यात तुटावं. आन् कुणाला लागू नये."

मामा म्हणाले, "भोईणबाई, कापावी बी आन् लागू बी नये! तुमाला सुरी न्हाई, जावई पायजे."

"जावई हाय की," ती म्हणाली, "त्यो काईच कापत न्हाई."

मोटारीची मोडकी कमान, म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी, आणली, ते पोलाद चांगलं. पहिली सुरी मामांच्या पद्धतीनं केली. धार अशी की हातावरचे केस निघावेत. ठकूमायनं बैलांच्या पाण्याच्या दोणीत दावं बुडवलं, माझा हात कोपरापर्यंत आत घातला आणि म्हणाली, "डोळे झाक. पुरात काय दिसत न्हाई. आता काप." मी कापायला लागले तर पातं त्या दाव्यावरून सरकतच राहिलं. आमच्याकडची दावी अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची. वाख भिजला की बुळबुळीत होतो आणि पीळ आणखी घट्ट बसतो. कोरड्या दाव्याचे दोन तुकडे करणारी ती सुरी पाण्यात नुसती लाजत बसली.

"न्हाई," ठकूमाय म्हणाली. बुट्टी उचलली, गेली. तिचा नकार तेवढाच असायचा.

मधी आमचे हे लातूरहून आले. मी त्यांना सगळं सांगितलं तर खिशातून एक विलायती चाकू काढून पुढं ठेवला. कारखान्यातल्या कुणा साहेबाचा जुना. त्यात दोन पाती, कात्री, पेचकस, सुया, आणखी कायकाय. "हे घे, झंझट मिटली," म्हणाले. "एकात सगळं हाय. ह्याच्यासारखं करून दे."

ठकूमाय आली. तिनं हात भिजवले आणि नखानं पातं उघडू लागली. निघेना. मग यांनीच एकेक करून उघडून दाखवलं.

"ह्ये वाकडं वळवळतं काय हाय?"

"बाटलीचं बूच काढायला, मावशी."

"पुरात कोण बाटल्या उघडून राहिलं?"

आमच्या यांचं तोंड उतरलं. पण खोटं कशाला बोलू, तो चाकू मला आवडला होता. काय नजाकतीनं केलेला! आणि त्याच्या बुडाशी एक कडी होती. ती बघून माझ्या डोक्यात आलं की आपल्या मुठीलाही कडी हवी, दोरी ओवायला. म्हणजे हातातून सुटली तरी सुरी जायची नाही. तेवढं श्रेय साहेबाच्या चाकूला. ठकूमायनं त्यातही खोट काढली. "दोरी जाड नको. माझा लेक दोरीनंच गेलाय. हिसका बसला की तुटंल असा सुताचा कच्चा धागा घाल." मी म्हटलं, धागा तुटला तर सुरी जाईल. ती म्हणाली, "सुरी जाऊ दे."

आता धारेचं बोलू. माहेरी मी सुगीत ज्वारी कापायला जायची. पहाटेच्या दहिवरात ज्वारीचं ताट ओलं असतं, त्यावर गुळगुळीत धारेचा विळा घसरतो. बायका म्हणायच्या, दात्यांचा विळा द्या गं. हे मला आठवलं मात्र, मी ताडकन उठले. सुरीला विळ्यासारखे दाते पाडायचे!

मामा खवळले. "सुरीला दाते? लोक म्हणतील म्हातारा सुरी म्हणून करवत विकून राहिला."

"मामा, एक करून बघू."

"माझ्या जिवंतपणी न्हाई."

दोन दिवस आम्ही एकमेकांशी भात्याच्या आवाजातूनच बोललो. शेवटी तेच म्हणाले, "अर्धं पातं तुझं. मुठीकडचं अर्धं माझं, त्याला गुळगुळीतच धार राहील. माझा हात त्यावरून फिरला पायजे." मी कबूल केलं. पुढच्या अर्ध्या भागावर छिन्नीनं दाते पाडले. दोणीत हात घातला, डोळे झाकले, ओढलं. दाव्याचा तुकडा पाण्यावर तरंगत वर आला. ठकूमाय न्हाई म्हणाली नाही. पण हो तरी कुठं म्हणाली! एकदम मला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि खाली ओढायला लागली.

"अगं मावशी, काय करून राहिलीस?"

"मी बुडून राहिले. बुडणारं माणूस असंच करतं. सोडीव स्वतःला!"

त्या झोंबाझोंबीत सुरीचं टोक तिच्या दंडात शिरलं. चांगलंच रक्त आलं. मी हळद आणायला धावले. ती मात्र दंडाकडं बघत शांतपणे म्हणाली, "ह्ये टोक कशाला असतं गं?"

"भोसकायला."

"मला कुणाला भोसकायचं न्हाई."

मी सुरी ऐरणीवर ठेवली, छिन्नी लावली आणि हातोड्याचा एक ठोका दिला. टोक उडून राखेत पडलं. उरलेला काठ कानशीनं घासून बोटासारखा गोल केला. मामा उठून गेले ते तेव्हाच.

पण त्याच बिनटोकाच्या सुरीनं आमची एका संकटातून सुटका केली. दिवस संशयाचे होते. कुणाकडं काय हत्यार आहे यावर पोलिसांची नजर असायची. कुणीतरी चुगली केली असणार, चौकीवरचा जवान दुकानात आला.

"ए बाई, सुन्या मैं, छुरियाँ बनारे तुम लोगाँ? मना है, मालूम नै?"

मी सुरी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती उलटीपालटी केली, गोल टोकावरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं हसला. "ये कैसी छुरी? नाकच नै इसकू! नकटी है बिचारी." ओलं दावं कापायला आहे म्हटल्यावर त्यानं ती परत दिली आणि जाताना स्वतःच्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा शिवायला कुठं देऊ ते विचारून गेला. नकटी हे नाव त्याचंच.

मूठ बाभळीची केली, शेवटाला लाडवाएवढी फुगीर, म्हणजे हात मागं घसरत नाही. म्यान कातड्याचं केलं असतं तर भिजून सुरी आत धरून बसली असती, म्हणून बांबूची नळी, काखेखाली बांधायची. मग पाऊस सुरू झाल्यावर कधीतरी ठकूमाय म्हणाली, "ही घेऊन जाऊ दे ह्याला." नागोरावाचं तोंड असं फुललं की जणू लग्न ठरलं.

आम्ही सगळं तपासलं होतं असं मला वाटत होतं. एक राहिलं. ठकूमाय बुट्टीतून आणायची ते तुकडे जुन्या दाव्यांचे. नव्या दाव्याचे तुकडे कोण करायला देतो? आणि त्या वर्षी मोठा पूर आला तो पोळ्यानंतर. पोळ्याला आमच्याकडं बैलांना सगळं नवं, वेसण नवी, कासरा नवा, दावं नवं. म्हणजे साऱ्या गोठ्यांत जनावरं कोऱ्या, करकरीत, दुप्पट जाड दाव्यांनी बांधलेली. शिवाय पोळ्याच्या दाव्याला वर्षभर लोखंड लावायचं नाही, बैलाचं आयुष्य तुटतं, असं म्हातारी माणसं मानायची.

दिवस उगवायला बातमी आली की नदीच्या खालच्या अंगाची वाडी पाण्यात गेली. माणसं टेकाडावर चढली, पण वाडीचे पाटील आणि त्यांचा सालगडी बैल सोडायला गोठ्यात गेले ते तिथंच अडकले. नागोराव आणि भोई निघाले. मी आणि ठकूमाय चिखल तुडवत मागोमाग. काठावर पोचलो तर नुसतं तांबडं पाणी आणि मधी गोठ्याचं छप्पर. बाकीचे भोई टेकाडावरच्या माणसांकडं गेले, नागोराव सांगड घेऊन गोठ्याकडं उतरला. ठकूमाय उभी. बस म्हटलं तर बसेना.

आत काय झालं ते त्यानं मागून सांगितलं. पाटील गळ्याएवढ्या पाण्यात, देवणीच्या जोडीतल्या एका बैलाची गाठ सोडत होते. नागोरावानं सुरी काढली तर ओरडले, "पोळ्याचं दावं हाय! लोखंड लावू नको!"

"पाटील, दावं पुन्हा वळता येतंय!"

"लावू नको म्हणतो ना!"

"मग पाटलीणबाईला काय सांगू, दावं वाचलं म्हणून सांगू?"

आणि त्यानं कापायला घेतलं. दाते अर्ध्यापर्यंत गेले आणि थांबले. कोऱ्या वाखाचे धागे दात्यांत गच्च बसले, सुरी ना पुढं जाई ना मागं. तेव्हा त्यानं हिसका देऊन पातं उपसलं आणि मुठीकडची धार लावली, मामांच्या हातची. उरलेलं तिनं कापलं. तोवर पाटलांच्या नाकातोंडात पाणी जाऊ लागलं होतं. सांगडीवर एकच माणूस येतो. त्यानं पाटलांना घेतलं. बैल आपला आपण पोहत पुढं निघाला.

काठावर येऊन पाटील ओकले आणि पहिला शब्द बोलले तो असा, "माझा गडी... दुसऱ्या बैलाचं दावं त्यानं मनगटाला गुंडाळलंय, बैलाची मान वर राहावी म्हणून. आता आवळलंय. सुटंना." गडी गव्हाणीवर उभा होता, त्याच्या कमरेएवढं पाणी. आणि पाणी चढतच होतं.

सारे ठकूमायकडं बघू लागले. आदल्या वर्षी तिचा सांबा असाच, दाव्याच्या फासात गेला होता. नागोराव धापा टाकत तिच्यापुढं उभा राहिला. धागा तुटलेला, पण सुरी मुठीत होती. दात्यांत वाख भरलेला, मुठीकडची धार मात्र स्वच्छ.

"माय, जाऊ का?"

तिनं सुरी त्याच्या हातातून घेतली. अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेका दात्यातला वाख उपसायला लागली. मी माझ्या बुचड्यातला आकडा काढून दुसऱ्या बाजूनं लागले.  साफ झाल्यावर तिनं पातं पदराला पुसलं आणि पोहून काठाला लागून थिजलेल्या पहिल्या बैलाच्या गळ्यातलं उरलेलं दावं धरलं. तेच पोळ्याचं, ओलं, कोरं. पाटलांकडं वळून बघितलं.

पाटील चिखलात बसल्या बसल्या म्हणाले, "कापा. समदं कापा."

तिनं आधी मुठीकडच्या धारेनं पीळ फोडला, कोरा वाख जुन्यासारखा बुळबुळीत नसतो म्हणून ती सरकली नाही, मग दाते लावले. धागे सुटे झालेले, दाते त्यांत अडकले नाहीत, दावं तुटून खाली पडलं. तिनं ते परत एकदा करून लेकाला दाखवलं.

"आदी मुठीकडनं. मग दाते. उलटं करू नको."

"हाव."

"जा."

तो गेला. आम्ही काय बघणार, छप्पर एका बाजूला कललं ते दिसलं. बायका रडायला लागल्या. ठकूमायनं त्यांना असं झापलं की सगळ्या गप्प झाल्या. "रडून पाणी कमी होतंय का? नीट बघा, कुटं निघतो ते!"

खाली, वळणाच्या बाभळींपाशी, आधी बैलाची शिंगं दिसली. मग भोपळे. मग दोन डोकी.

सगळे तिकडं पळाले. नागोरावानं गड्याला चिखलात लोटलं आणि स्वतः त्याच्याशेजारी पालथा पडला. ठकूमाय पळाली नाही. चालत गेली. लेकाच्या पाठीवर तळवा ठेवून बघितलं, पाठ वरखाली होत होती. मग ती गड्याकडं वळली. चांगला बाप्या माणूस, पण थंडीनं आणि भीतीनं दात वाजत होते. मनगटाभोवती दाव्याचा पीळ जसाच्या तसा उमटलेला, आणि शेजारी सुरीचा एक ओरखडाही नाही. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"माय हाय का तुला?" तिनं विचारलं.

"हाय. भोकरकडं. गावाकडं."

"मग हितं का पडलास? ऊठ. तिला तोंड दाखवून ये."